चौकोनी बावखल

१

फ्रेडरिक तुस्कानो सापडला तेव्हा त्याच्या अंगावर दीड टन गोठलेली मासळी होती.

भुईगावातल्या त्याच्या स्वतःच्या शीतगृहात, सकाळी आठ वाजता, उणे अठरा अंशांत. आग्नेयेच्या कोपऱ्यातलं चौदा फुटी लोखंडी रॅक कलून त्याच्यावर आलं होतं. दार उघडणाऱ्या कामगाराला आधी धुकं दिसलं, मग पापलेटांचे विखुरलेले क्रेट आणि मग एक हात. हातावरच्या केसांवर बर्फ धरला होता.

पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. गावाने मात्र गुन्हेगार केव्हाच ठरवला होता. गुन्हेगार होतं बावखल.

ज्यांनी वसईची वाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि उन्हाळाभर आसपासच्या विहिरींना पुरतं. ते बुजवणं गावाला रुचत नाही. फ्रेडरिकने दोन वर्षांपूर्वी आपलं बावखल भराव टाकून बुजवलं आणि त्यावर शीतगृह बांधलं. जानेवारीत ते सुरू झालं. आठवडाभरातच कामगार म्हणू लागले की आग्नेय कोपऱ्यात जमिनीखालून आवाज येतो. कोणीतरी खालून नख ओढावं तसा. फेब्रुवारीच्या शेवटी फ्रेडरिक गेला.

मी मनोरमा सामंत. आचोळ्याला राहते, गुडघे दुखतात, आणि भुतांवर माझा विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगते. बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं एकच काम केलं. वस्तू यंत्रात ठेवायची आणि मोडेपर्यंत दाबायची. माणसं कधी मोडतात ते मला अजून नीट कळत नाही, पण विटा, काँक्रीट आणि फोम यांचं मी सांगू शकते.

फ्रेडरिकची मुलगी जेसिका कॉलेजात असताना माझ्या हाताखाली सहा महिने शिकायला होती. वडिलांच्या शीतगृहाची जमीन, म्हणजे काँक्रीट आणि त्याखालचे थर, तिनेच आखली होती. तिचं ते पहिलं काम. ती माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मी तिला आधी ओळखलंच नाही.

"चौकशी समितीला जमिनीचा अहवाल हवाय," ती म्हणाली. "त्यांना काय हवंय ते सोडा मॅडम. मम्मी एकोणीस दिवस माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मला एवढंच सांगा, पप्पांना मी मारलं का?"

चहा तिने घेतला नाही. मीही आग्रह केला नाही.

२

शीतगृह रिकामं केलेलं होतं, यंत्रं बंद होती, तरी आत शिरताच थंडी हाडात उतरली. बाहेर दुपारचं ऊन रणरणत होतं, आत दिवे लावल्याशिवाय पाऊल दिसत नव्हतं. सगळ्या जमिनीवर दहिवराचा पांढरा थर होता, त्यामुळे काँक्रीट असं कुठे दिसतच नव्हतं.

आमच्या पुढे बॅटरी घेऊन गॉडफ्रे चालत होता. फ्रेडरिकचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा, गळ्यात जपमाळ. मी त्याच्या मागे पाऊल टाकत होते, कारण माझ्या वयाला घसरून पडणं परवडत नाही. आग्नेय कोपऱ्यापाशी तो थांबला, उजवीकडे वळला, सहा पावलं सरळ गेला, मग पुन्हा काटकोनात वळून भिंतीला जाऊन टेकला. मला वाटलं, भाऊ गेला त्या जागेवर पाय द्यायला घाबरतोय. स्वाभाविक आहे. मीही त्याच्या पाऊलखुणांवरूनच गेले.

तेवढ्यात आवाज आला.

कर्रर्र. लांब, बारीक, आमच्या पायाखालून. जेसिकाने माझा दंड धरला. माझ्या मानेवर काटा आला हे मी लपवत नाही. चारचौघांत सांगायच्या गोष्टी वेगळ्या.

"पानी जागा मागतंय आपली," गॉडफ्रे हळूच म्हणाला. "मी फ्रेडरिकला बोललेलो."

आवाज थांबल्यावर मी गवंड्याची लांब पट्टी मागवली. भीती वाटली की मोजमाप घ्यावं, हा माझा जुना उपाय आहे. पट्टी जमिनीवर आडवी-उभी फिरवत गेले. कोपऱ्यात जमीन खचली होती, मधोमध चांगली दोन बोटं. रॅकचे पुढचे पाय तिथेच उभे होते, मागचे भिंतीकडे, जिथे स्लॅब कडेवर टेकून वर राहिला होता. एवढ्या उंच रॅकला एवढा कल पुरेसा होता.

"जेसिका, बावखल कसं होतं?"

"गोल. म्हणजे थोडं लांबट. पण त्याचा खोल भाग तिकडे, पलीकडच्या कोपऱ्यात होता. इथे नुसता काठ होता."

पलीकडचा कोपरा मी तपासला. पट्टीखाली एक कागदही सरकला नाही. बाहेर जाऊन जोत्याला फेरी मारली, एकही भेग नव्हती. मग परत आत आले, गुडघे टेकले आणि हातरुमालाने दहिवर पुसायला लागले. पुसता पुसता बोटाला केसासारखी बारीक भेग लागली. तिच्यामागे पुसत गेले. ती सहा पावलं सरळ गेली आणि काटकोनात वळली.

भराव खचला तर बशीसारखा खचतो. पाण्याला कोपरे नसतात. इथे जमिनीने स्वतःला फूटपट्टी लावून चौकोन आखला होता.

आणि त्या चौकोनाच्या बाहेरच्या कडेने दहिवरात पावलं उमटली होती. माझी आणि माझ्या आधी गेलेल्या माणसाची.

३

ठेकेदार संकेत विरारहून आला तो भांडायच्या तयारीने. तिशीचा, कानात सदैव फोन.

"मॅडम, सीधी बात सांगतो. मी जेसिका मॅडमला बोललेलो, एवढी कडक शीट कशाला? तीन किलोवाली. एक किलोवाली पण चालली असती. पण त्यांनी ऐकलं नाही, मग मी पण आणली तीनवालीच. प्रत्येक शीट त्यांनी स्वतः हात लावून उतरवून घेतली."

हे जरा उलगडून सांगते. शीतगृहाच्या काँक्रीटखाली फोमची जाड शीट घालतात, म्हणजे गारवा जमिनीत झिरपत नाही. पण वरचं सगळं वजन शेवटी तीच शीट झेलते. म्हणून ती किती दाब सोसते ते पाहून निवडायची. जेसिकाची निळी शीट एका चौरस सेंटीमीटरवर तीन किलो सोसणारी होती. रॅकच्या पायाचं वजन काँक्रीटमधून पसरून खाली येईपर्यंत पाऊण किलोवर येत होतं.

"पाऊण किलोला तीन किलोची शीट," संकेत म्हणाला. "तुम्हीच सांगा."

"तू माझ्या प्रयोगशाळेत असतास तर कान धरला असता," मी म्हटलं. "शीट एका दिवसात मोडत नाही, बाळा. तिच्यावर वर्षानुवर्षं वजन ठेवलं की ती हळूहळू बसते. म्हणून तिच्या ताकदीचा तिसराच हिस्सा धरायचा. तीनचा तिसरा हिस्सा एक. पाऊण किलोला एक. बरोबर आहे तिचं."

जेसिकाने एकोणीस दिवसांत पहिल्यांदा मान वर केली असावी. पण माझं पुढचं वाक्य तिला आवडणारं नव्हतं. आकडा बरोबर असेल तर चूक घालण्यात होती, आणि शीट घातल्या तेव्हा ती तिथे उभी होती.

"शुक्रवारी सगळ्या निळ्या शीट घातल्या," ती म्हणाली. "मी एकेक पाहिली. शनिवारी दुपारी यांनी वर काळं प्लास्टिक पसरलं. संध्याकाळी फादर आशीर्वाद द्यायला आले. काँक्रीट सोमवारी होतं."

"रविवारी झालं," संकेत म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "सोमवारी काँक्रीटचा प्लांट बंद राहणार होता. रात्री फोन आला, सकाळी गाडी पाठवतो म्हणून. मी मॅडमना सकाळी कळवलं, त्या येईपर्यंत हा कोपरा भरून झालेला. पण मॅडम, प्लास्टिक होतं तसंच होतं. पोरांनी वर जाळी बांधली आणि ओतलं. खाली कोण कशाला बघेल?"

खरंच, कोण कशाला बघेल? शनिवारी दुपारी प्लास्टिकखाली निळी शीट होती. रविवारी पहाटे त्याच प्लास्टिकखाली काय होतं, ते कोणीच पाहिलं नव्हतं.

४

जेसिकाच्या आईच्या, एलिसा तुस्कानोच्या, घरात ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाची शांतता होती, त्यात सुतकाची भर. ती काळ्या साडीत खुर्चीवर बसली होती. जेसिका दारातच उभी राहिली. आई तिच्याकडे अशी बघत होती की जणू तिथे दाराची चौकट आहे, माणूस नाही. मला ते पाहवेना.

मी आशीर्वादाच्या दिवसाचे फोटो मागितले. मोठा समारंभ झाला होता. शीतगृहाच्या उघड्या जमिनीवर काळ्या प्लास्टिकवर खुर्च्या मांडलेल्या, आग्नेय कोपऱ्यात पांढऱ्या चादरीचं टेबल, क्रूस, मेणबत्त्या. आग्नेयेची निवड का केली ते मी विचारलं.

"वारा लागत नाही तिथं," एलिसा म्हणाली. "मेणबत्त्या विझत नाहीत."

एका फोटोवर मी बराच वेळ भिंग धरून बसले. टेबलाच्या या बाजूला फादर खुर्चीवर बसले होते, चांगले ऐंशी किलोचे. त्यांची खुर्ची सरळ. टेबलापलीकडे एलिसाची म्हातारी मावशी, काडीसारखी, जेमतेम चाळीस किलोची. तिची खुर्ची मागे कललेली, मागचे दोन्ही पाय प्लास्टिकसकट बोटभर रुतलेले.

जड माणूस वर आणि हलकी म्हातारी खाली. मी मनातल्या मनात हिशेब केला. म्हातारीचं वजन चार पायांवर, एका पायावर दहा किलो. पाय आठ चौरस सेंटीमीटरचा. म्हणजे दाब सव्वा किलो. तीन किलोच्या निळ्या शीटवर त्याची खूणही उठायला नको. फादरांच्या खुर्चीचा दाब अडीच किलो, आणि ती खरोखरच रुतली नव्हती. म्हणजे फादरांखाली निळी शीट होती आणि म्हातारीखाली दुसरंच काहीतरी, पाऊण-एक किलोतच दबणारं. शनिवारी संध्याकाळी, आशीर्वाद चालू असतानाच.

"शनिवारी दुपारी तिथे कोण होतं?"

"हे होते." ती नवऱ्याचं नाव घेत नव्हती. "आणि गॉडफ्रे. दोघं भाऊ मांडामांड करत होते."

"गॉडफ्रे कसा आहे आता?"

एलिसाने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चर्चमध्ये मयतीच्या मिस्सेला तो कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठला नाही. नंतरही नाही. गेला नाताळ ते आता, एकदाही नाही. यांनी विचारलं होतं त्याला. तो म्हणाला, पोट बरं नसतं."

नाताळापासून. मनावर मोठं पाप असलेला माणूस हा प्रसाद घेत नाही, एवढं मला ठाऊक होतं. तेव्हा फ्रेडरिक जिवंत होता, शीतगृह सुरूही झालं नव्हतं, आवाज यायला अजून महिना होता. ज्या पापाने अजून कोणी मेलेलं नव्हतं, असं कोणतं पाप एका माणसाला वेदीपाशी जाऊ देत नव्हतं?

५

गॉडफ्रेचं घर चाफ्याच्या वाडीत. आम्ही गेलो तेव्हा तो नव्हता. पडवीत जुन्या चादरीखाली काहीतरी उंच, उंटाच्या पाठीसारखं उभं होतं. मी चादर बाजूला केली आणि दचकले. काळपट डोंगराच्या कपारीतून मेंढपाळांचे रंगवलेले चेहरे माझ्याकडे बघत होते.

"काकांचा नाताळचा गोठा आहे," जेसिका म्हणाली. "दरवर्षी बक्षीस त्यांचंच. पांढऱ्या थर्माकोलच्या जाड लाद्या आणतात आणि डोंगर कोरतात. चार इंची. मला लहानपणी तुकडे मिळायचे खेळायला."

चार इंची. जेसिकाची निळी शीटही चार इंचीच होती.

मी डोंगराला अंगठा दाबला. एकतीस वर्षांच्या सवयीचा अंगठा आहे तो. थर्माकोल त्याच्याखाली कुरकुरतो आणि दबतो. हा डोंगर दबला नाही. मागच्या बाजूला, जिथे रंग लावायची गरज नसते, तिथे मी किल्लीने थोडं खरवडलं.

आतून निळं निघालं.

जेसिका डोंगराच्या मागे गेली, वाकली आणि एकेक थर बोटाने मोजू लागली. मी तिला थांबवलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते दहिवरातल्या त्या पावलांनी मला आधीच सांगितलं होतं. जमिनीवर भेग दिसत नसताना चौकोनाच्या कडा कुठे आहेत हे ज्याला ठाऊक होतं, त्याला खाली काय आहे तेही ठाऊक होतं. मला कळत नव्हतं ते एवढंच, की ते का.

६

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी सगळ्यांना शीतगृहात बोलावलं. संकेतने काँक्रीट कोरायचं यंत्र आणलं. गॉडफ्रे आला आणि दाराजवळ उभा राहिला. एलिसाही आली. मी तिला बोलावलं नव्हतं.

मी खडूने दोन फुल्या केल्या. एक भेगेच्या अलीकडे, एक पलीकडे, दोन्हींत हातभराचं अंतर.

"इकडे निळं निघेल," मी म्हटलं, "आणि तिकडे पांढरं."

पहिल्या भोकातून काँक्रीटचा गट्टू निघाला आणि त्याखालून निळ्या शीटची स्वच्छ, घट्ट चकती. यंत्र हातभर सरकवलं. दुसऱ्यांदा पातं खाली उतरलं तेव्हा तोच आवाज आला, कर्रर्र, आता अगदी जवळून. मग भोकातून पांढरे दाणे उडाले आणि थंड हवेत तरंगत सगळ्यांच्या केसांवर बसले. दाबून दाबून अर्ध्यावर आलेला थर्माकोल दोन थरांच्या मध्ये सरकला की असाच ओरडतो. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"गॉडफ्रे," मी म्हटलं, "तुमच्या नाताळच्या डोंगराचा थर्माकोल इथे आहे. इथल्या शीट तुमच्या डोंगरात आहेत. अदलाबदल कोणी केली?"

तो खालीच बसला, त्या थंड जमिनीवर.

"फ्रेडरिकनं," तो म्हणाला.

संकेतच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली.

"तो बोलला, बायका टाचांचे सँडल घालून येतील, टेबलापाशी गर्दी होईल. पोरीच्या शीटला खड्डे पडतील. तिनं सांगितलाय, एक पन खड्डा नको. तर तुझा थर्माकोल दे एका संध्याकाळपुरता. दोघांनी मिळून बदलला, वर प्लास्टिक ओढलं. त्याला रविवारी वटार गावात लग्नाला जायचं होतं पहाटे. मला बोलला, सातची मिस्सा झाली की तू परत लाव, सोमवारी काँक्रीट आहे." तो थांबला. "मिस्सेवरून आलो तर गाडी उभी. कोपरा भरलेला."

"ओरडायचं होतं," संकेत म्हणाला.

"ओरडायचंच होतं. पण फादर आशीर्वाद देऊन गेलेले, अख्खं गाव बघायला जमलेलं, जेसिका गेटातून हसत येत होती. ओलं काँक्रीट उपसायला कसं सांगू? मनात बोललो, एवढ्याश्या कोपऱ्यानं काय होतंय. संध्याकाळी फ्रेडरिकनं विचारलं, लावल्या का? मी हो बोललो." त्याने डोळे पुसले नाहीत. "पहिला आवाज आला त्या दिवशीच मला कळलं. मग मी बावखलाचं बोलायला लागलो. वाटलं, घाबरून तरी तो त्या कोपऱ्यात जानार नाही."

पण फ्रेडरिक भुताला घाबरणारा माणूस नव्हता. आपल्या मुलीच्या जमिनीत कसला आवाज येतो ते बघायला तो वाकला असणार. हे मी मोठ्याने म्हटलं नाही.

मी जेसिकाकडे वळले. तिच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन मी आले होते, आणि मला त्याचा आनंद होता, खोटं कशाला बोलू. "तुझा आकडा बरोबर होता. शीट बरोबर होती. तू मारलं नाहीस."

ती त्या दोन भोकांकडे बघत होती.

"एकही खड्डा नको, हे मी शुक्रवारी एका मजुरावर ओरडले होते," ती म्हणाली. "पप्पा मागे उभे होते. तो बूट घालून शीटवर चढला होता. मॅडम, टाचेचे दहा-वीस खड्डे पडले असते तरी काही झालं नसतं ना? एवढ्या मोठ्या जमिनीला?"

"काही झालं नसतं."

"मला तेव्हाही माहीत होतं. मला फक्त सगळ्यांनी माझं ऐकावं असं वाटत होतं."

एवढी वर्षं मी वस्तू दाबल्या आणि आकडे लिहिले, पण या वाक्याला लावायला माझ्याजवळ आकडा नव्हता.

एलिसा पुढे आली. तिने गॉडफ्रेकडे पाहिलं नाही. ती लेकीच्या समोर उभी राहिली आणि तिच्या केसांवरचे पांढरे दाणे एकेक करून काढू लागली.

"तीस वर्षं संसार केला मी त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "माझं एक ऐकलं नाही कधी. बावखल बुजवू नका म्हटलं मी, ऐकलं नाही. तुझं ऐकलं."



"घरी चल," एलिसा म्हणाली. "ते शीटचं काय आहे ते मला नीट सांग. पहिल्यापासून सांग. मला त्यातलं काही कळलेलं नाही."